सुभद्राबाई, वय बेचाळीस

अंबाजोगाई
१७ फेब्रुवारी २०१९

ती. वत्सलाआत्यास,
उत्तरेश्वरचा सा. नमस्कार.

हे पत्र सटवाच्या हाती देतोय. दुधाचा टेम्पो इथल्या शीतकरण केंद्रावर रिकामा झाला की तो हॉस्टेलवरून जाईन म्हणालाय. फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी बोलत होतो आणि तू नुसतं 'बरं, बरं' म्हणत होतीस. चारा छावणीत रेंज नाही, त्यात तुझा डावा कान. कागदावर तरी तू मला नीट ऐकशील.

आई-दादांचा फोन आला होता. कर्नाटकातल्या साखर कारखान्याचा हंगाम अजून दोन महिने चालेल म्हणाले. म्हणजे एप्रिलअखेर घरी.

मला राग आलाय, आणि तो तुझ्यापाशीच काढायचा म्हणून लिहितोय. आमच्या कॉलेजात स्त्रीरोग विभागाला अर्धापूरकर मॅडम आहेत. त्यांनी यंदा एक नवं काढलंय. कॉम्प्युटरवर पेशंट असतो. खरा नाही, बनवलेला. पडद्यावर त्याचं चित्र येतं, तो तक्रार सांगतो, आपण प्रश्न निवडायचे, तपासण्या सांगायच्या, निदान करायचं. खऱ्या माणसावर चूक होण्यापेक्षा इथे होऊ द्या, असं त्या म्हणतात. तिथपर्यंत ठीक आहे. पण शेवटी एक कोरं पान येतं. त्याचं नाव 'मागे वळून'. ते छापून घ्यायचं आणि तपासताना आपल्या मनात काय चाललं होतं ते त्यावर हातानं लिहायचं.

माझ्या वाट्याला आली सुभद्राबाई, वय बेचाळीस, ऊसतोड मजूर. थकवा, धाप, कंबरदुखी. म्हणते, 'डॉक्टर, पिशवी काढून टाका.' मी आठ प्रश्न विचारले, डोळ्यांची खालची पापणी पाहिली, रक्त तपासलं. अंगात रक्त कमी. चार मिनिटांत निदान. निदानाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. आणि मागचं पान मॅडमनी परत पाठवलं. त्यावर लाल शाईनं एकच ओळ : 'आठ प्रश्नांत पाळीचा एकही नाही. का?'

आत्या, वर्गातली अर्धी पोरं शहरातली. त्यांनी ऊस रसवंतीवर पाहिलेला. मी कोयत्यावरच्या बाईचा पोरगा. आई-दादा दिवाळीनंतर उसाच्या फडावर गेले की सहा-सहा महिने तुझ्या ताटात जेवून वाढलो. आणि मला कॉम्प्युटरच्या बाईकडून ऊसतोड शिकायची?

म्हशींना कडबा पुरतोय का ते कळव.

तुझा,
उत्तरेश्वर

*

छावणी, धारूर घाटाखाली
२४-२-२०१९

चि. उत्तरेश्वर यास आत्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्याबिगर अन् एकदा विमलबाईच्या चष्म्यानं.

इथं समदं बरं हाय. आपल्या महिला दूध संस्थेची छप्पन्न जनावरं एका रांगेत बांधलीत. टँकर आला की आमी बाया आधी हौदाकडं पळतो. तुझी ती कपाळावर चांद असलेली म्हैस आटली, बाकीच्या निम्म्यावर आल्या. तरी सटवाचा टेम्पो एक दिवस बी रिकामा गेला न्हाई. संस्थेची सेक्रेटरी म्हणून मला तेवढंच बघायचंय.

माघी चतुर्थीला लिंबागणेशला जायचं औंदा राहिलं. छावणीत काम लई.

तुझा राग वाचला. तू लहानपणी बी असाच रागवायचास, पाटीवर बरोबर उत्तर लिहून बी गुरुजींनी 'कसं काढलं' विचारलं की. पर मला एक सांग. त्या म्याडमनी तुला चूक म्हणलं न्हाई. 'का' म्हणलं. मग कावून न्हाई इचारलंस?

ती बाई काय काय बोलती ते समदं मला पाठव. आमी इथं दुपारी जनावरं बसली की रिकाम्याच असतो.

वत्सला

*

अंबाजोगाई
३ मार्च २०१९

ती. आत्यास सा. न.

सोबत आठ पानं आहेत. सुभद्राबाईची सगळी उत्तरं छापून घेतलीत. मॅडमची परवानगी घेतली. तुझ्या छावणीत वाचणार म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि 'जरूर' म्हणाल्या.

तुझ्या 'कावून'ला उत्तर द्यायचं म्हणून दोन दिवस विचार केला. ते पानही मला पुन्हा लिहायचं होतंच. मी लिहिलं की वेळ कमी होता, आणि पुरुष विद्यार्थ्याला असे प्रश्न विचारताना संकोच होतो. मॅडमनी तेही परत केलं. या वेळी शेरा असा : 'हे सगळ्यांचं उत्तर आहे. तुमचं लिहा.'

आता माझं म्हणून वेगळं काय असणार? नाही सुचलं. मी ते पान तसंच ठेवून दिलंय.

चांदच्या म्हशीला पेंडीचं पाणी दे.

उत्तरेश्वर

*

छावणी
१२-३-२०१९

चि. उत्तरेश्वरास आशीर्वाद.

सुभद्राबाई आमी वाचली. मी मोठ्यानं वाचत होते, अन् चौदा बाया ऐकायला. छबुबाईनं मधीच थांबवून इचारलं, ही बाई कंच्या गावची, आपण हिला चार रोज इकडं आणू. कॉम्प्युटरातली हाय म्हणल्यावर ती म्हणाली, तरीच इतकं नीट बोलती.

आता आमचं म्हणणं लिहिते. कागद तुझ्या म्याडमला दाव.

पयलं. तिचं लुगडं चांगलं इस्तरीचं दावलंय. विमलबाई म्हणाली हे चूक. मी म्हणलं, हे बरोबर हाय. दवाखान्यात जाताना बाई ठेवणीतलंच नेसती. म्हणून तर डॉक्टरला वाटतं हिचं बरं चाललंय.

दुसरं. 'मला मासिक पाळीत अतिरक्तस्राव होतो' असं कुणी म्हणतं का? ती म्हणंल, 'अंगावरून जातंय.' अन् ते बी तिसऱ्या-चौथ्या बोलण्यात. आधी कंबर सांगंल. कंबर सगळ्यांसमोर सांगता येती.

तिसरं. संगं नवरा हाय का सासू, ते तुमी इचारलंच न्हाई. असंल तर त्याला केसपेपर काढायला धाडा. तो जाईस्तोवर ती खरं बोलणार न्हाई.

चवथं. ती पिशवी काढा म्हणती ते दुखतंय म्हणून न्हाई. फडावर पाळीत बी मोळी उचलावी लागती, बसलं तर मुकादम खाडा धरतो, अन् आडोसा कुठंच नसतो. आमच्यातल्या चौदापैकी सहा जणींची पिशवी न्हाई. हे मला बी त्या दुपारीच कळलं. इतक्या वर्सांत कुणी मोजलंच नव्हतं.

पाचवं. इचारण्याआधी तिला बसवा. किती लांबून आलीस, काय खाल्लंस, एवढं तरी म्हणा.

आन उत्तरेश्वर, म्याडमला म्हणावं, कॉम्प्युटरात आणखी एक बाई घाला. पन्नाशीची. जिचं तीन वर्साखाली बंद झालतं, अन् आता परत थोडं थोडं दिसतंय. अशी बाई दवाखान्यात येतच न्हाई. आली तर काय बोलंल ते शिकवाया पायजे.

वत्सला

*

अंबाजोगाई
२२ मार्च २०१९

श्रीमती वत्सलाबाई यांस,
स. न. वि. वि.

मी उत्तरेश्वरची शिक्षिका, डॉ. अर्धापूरकर. आपण आणि छावणीतल्या भगिनींनी केलेल्या सूचना मी विभागात सर्वांसमोर वाचल्या. सुभद्राबाई आम्ही तीन डॉक्टरांनी मिळून सहा महिने खपून लिहिली होती. ती किती कमी जाणली होती ते आपल्या दोन पानांनी दाखवलं. आता ती आपल्या शब्दांत बोलेल. आपली परवानगी गृहीत धरत नाही, मागते आहे.

हा खटाटोप का करते, तेही आपल्याला सांगायला हवं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ओपीडीत अशीच एक बाई आली होती. कंबर दुखते म्हणाली. मी तीन मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. ती दारापर्यंत गेली, वळली, काही म्हणणार होती. मी पुढच्या नंबराला हाक मारली. ती पुन्हा आली नाही. तिचं नाव मला माहीत नाही, पण ती वळली होती ते दिसतं. माझ्या विद्यार्थ्यांनी निदान करायला शिकावंच, पण आपण कुठे घाई केली तेही त्यांना ओळखता यावं, एवढंच त्या कोऱ्या पानामागे आहे.

आपण सुचवलेली दुसरी बाई मला फार महत्त्वाची वाटते. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं ही कधीच सोडून द्यायची गोष्ट नसते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण तपासावंच लागतं. ती बाई काय सांगेल, काय लपवेल, हे आपण लिहून पाठवाल का?

आपली ऋणी,
डॉ. अर्धापूरकर

*

छावणी
३०-३-२०१९

डॉक्टर म्याडम यांस वत्सलाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. इतक्या मोठ्या बाईनं आमाला ऋणी लिहिलं, विमलबाईनं ते तीनदा वाचायला लावलं. परवानगी हाय. आमच्या बाया म्हणाल्या, आमचं बोलणं शिकून एक जरी डॉक्टर खाली बसून बोलला तरी लई झालं.

दुसरी बाई अशी.

तिचं तीन वर्साखाली आखितीच्या सुमाराला बंद झालं. सुटले म्हणाली. मग दसऱ्याला परत डाग दिसला. तिला वाटलं, उन्हातान्हाचं असंल. दिवाळीत परत. आता बारा-पंधरा दिसाला दिसतं, थोडंच, पर त्याला वास येतो. ती जुनं धडपं घेती. छावणीत पाणी मोजून असतं, म्हणून धुणं लांबच्या हौदावर नेती, म्हणजी कुणी बघत न्हाई.

कंबर दुखती. म्हशीखाली बसली की उठताना खुंट्याला धरून उठती. कुणी इचारलं तर वय झालं म्हणती.

ती देवाला जायचं बंद करती. कुणी कावून म्हणलं तर काम लई हाय म्हणती.

ती भिती, ते मरणाला न्हाई. तिच्या घरात एकीची पिशवी काढलेली असती, लई कमी वयात. ती बाई नंतर कशी वाळत गेली ते हिनं बघितलेलं असतं. म्हणून ही दवाखान्याचं नाव काढत न्हाई. गेलं की कापणार, असं तिच्या डोक्यात बसलंय.

घरात शिकलेलं कुणी असलं तर त्याला तर ती मुळीच सांगणार न्हाई. लेकरागत वाढवलेल्या पोराला असलं कसं सांगावं?

एवढं पुरं का? ती कोण ते इचारू नका. अशा लई असतील.

आपली,
वत्सला

*

अंबाजोगाई
१३ एप्रिल २०१९

आत्या,

मायना लिहायलाही हात वळत नाही.

काल मॅडमनी दुसरी बाई तयार केली. मुक्ताबाई, वय एक्कावन्न, असं नाव दिलं. सगळ्यांत आधी मला बसवलं. तुझं पत्र त्यांनी मला दाखवलं नव्हतं, म्हणाल्या, आधी पेशंट म्हणून भेट. मी या वेळी घाई केली नाही. बसवलं, जेवलीस का विचारलं, सोबतच्या माणसाला बाहेर पाठवलं. वीस मिनिटं लागली. सगळं विचारलं. मागे वळूनचं पान आलं, त्यावर प्रश्न होता : 'या बाईत तुम्हाला ओळखीचं कुणी दिसलं का?'

मी 'नाही' लिहिलं. खरंच लिहिलं. आत्यानं काय हुबेहूब बाई रचलीय, असं शेजारच्या मित्राला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

मग पडदा वर सरकवून तिची उत्तरं परत वाचली. 'देवाला जायचं बंद केलं, काम लई हाय.' तिथे थांबलो. खोलीवर येऊन ट्रंकेतली तुझी पत्रं काढली. फेब्रुवारीत तू लिहिलंयस की माघी चतुर्थीला लिंबागणेशला जायचं राहिलं, काम लई. मला आठवतं तेव्हापासून तू ती चतुर्थी चुकवली नाहीस. आजोबा वारले त्या वर्षीसुद्धा गेली होतीस. आणि मी ते वाचून पुढे कडब्याचं आणि पेंडीचं विचारलं.

मुक्ताबाई तूच आहेस. नाही म्हणून कागदावर लिहू नकोस, मी उद्या सटवाच्या टेम्पोतून येतोय. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, पत्र वाचताना त्यांनाही एकदा तसं वाटलं होतं. पण 'ती कोण ते इचारू नका' वाचून त्यांनी विचारलं नाही, ती चूकच झाली म्हणाल्या. मंगळवारी त्या स्वतः तपासतील. मी बाहेर थांबेन. तुझ्या हो म्हटल्याशिवाय कुणी काही कापणार नाही, हा मॅडमचा शब्द आहे, माझा नाही. माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असं मी अजून काही केलेलं नाही.

उत्तरेश्वर

*

औरंगाबाद, वॉर्डातून
९-५-२०१९

चि. उत्तरेश्वरास अनेक आशीर्वाद.

तू परीक्षेसाठी गेलास ते बरं केलंस. विमलबाई हाय माझ्याजवळ. ती नर्सबाईला चहा करायला शिकवती.

तुला एक सांगायचं राहिलं. तू त्या दिवशी छावणीत आलास, मी हौदाजवळ होते. मला वाटलं तू वरडशील. तू घमेलं घेतलंस अन् चांदच्या म्हशीखालचं शेण भरायला लागलास. मेडिकलचा पोरगा. समद्या बाया बघत होत्या. मग तू म्हणालास, "आत्या, मी विचारलंच न्हाई." अन् मी म्हणलं, "मी बी सांगितलं न्हाई." तेवढ्यावर मला रडू आलं. सहा महिने मी ते एकटीनं धुतलंतं.

तुझ्या म्याडमनी तपासताना माझा हात धरला होता. तुकडा काढून तपासायला धाडला, अन् आठ दिसानं मला समोर बसवून सांगितलं की पिशवीच्या तोंडाशी गाठ हाय, कॅन्सरची हाय, पर लौकर सापडली. मी इचारलं, लौकर म्हणजी किती. त्या म्हणाल्या, अजून बाहेर गेलेली दिसत न्हाई, एवढी लौकर. पुढच्या दिवाळीला आला असतात तर मला हे म्हणता आलं नसतं.

त्यांनी धाडलेल्या ह्या कॅन्सरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढलं. पिशवी कुठं, गाठ कुठं, काय काढणार, काय ठेवणार. मी म्हणलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा इचारलं तर तिसऱ्यांदा सांगितलं. मग मी सही केली. मराठीत, पुरं नाव.

ज्याला मी भीत होते तेच करायचंय, पिशवी काढायचीच हाय. पर तुला खरं सांगू, मला आता तसं वाटत न्हाई. तुझ्या आईला कुणी चित्र काढून दावलं नव्हतं.

सोमवारी ऑपरेशन हाय. भ्यावं वाटतंय. ते बी लिहिते, आता लपवायची सवय मोडायची हाय. तुझी आई फडावरनं आल्या आल्या छावणीत जाऊन बसली, माझ्या म्हशी बघती. तिला काही सांगितलंस का? तू सांग. मला जमलं न्हाई.

तुझी आत्या

*

अंबाजोगाई
१६ जून २०१९

ती. आत्यास सा. न.

रिपोर्ट आला. सटवाच्या हातून वेळ लागेल म्हणून विमलबाईंच्या फोनवर कळवलंच, पण पुन्हा लिहितो, म्हणजे तुला हवं तेव्हा काढून वाचता येईल. गाठ पूर्ण निघाली. काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आहेत. बाजूच्या ग्रंथींत ती पसरलेली नाही. रेडिएशनचा शेक द्यायची गरज नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, ते मात्र चुकवायचं नाही.

मॅडमना सांगायला गेलो तेव्हा त्या वर्गात होत्या. त्यांनी शिकवणं थांबवलं, खिडकीपर्यंत जाऊन आल्या आणि जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे शिकवू लागल्या.

तुझ्या ऑपरेशनच्या आठवड्यात, परीक्षा झाल्यावर, मी छावणीत आईजवळ दोन दिवस राहिलो. तुझ्या आजाराचं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि कडबा तोडत राहिली. मग मी विचारलं, "आई, तुझं ऑपरेशन कसं झालतं?" बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं ती उठून जाईल. ती म्हणाली, "तुला कवा इचारायचं सुचतंय तेच बघत होते."

ती सव्वीस वर्षांची होती. फडावर अंगावरून जायचं थांबेना. जवळच्या गावातल्या दवाखान्यात नेलं. त्या माणसानं पोटाला हातसुद्धा लावला नाही. पिशवी सडलीय, कॅन्सर होईल, आजच काढा, एवढं सांगितलं. कसली तपासणी नाही. पंधराव्या दिवशी ती परत मोळ्या बांधत होती. तेव्हापासून तिची कंबर, अंगातून निघणाऱ्या वाफा, झोप नसणं. मी चार वर्षांचा होतो. मला सांगितलं होतं की आईच्या पोटातला फोड काढला. मोठा झाल्यावर मला कळलं होतं, आत्या. पहिल्या वर्षी शरीररचना शिकतानाच कळलं होतं. पण ते विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मग ते मला माहीतच नाही असं धरून चालता आलं नसतं.

सुभद्राबाई पडद्यावर 'पिशवी काढून टाका' म्हणाली तेव्हा मी म्हणूनच घाईनं पापणीकडे वळलो. मला तिला बरं करायचं नव्हतं. तिला गप्प करायचं होतं.

हे सगळं मी मागे वळूनच्या पानावर लिहिलं. चार महिने रिकामं ठेवलेलं पान. मॅडमनी त्यावर लाल शाईनं काही लिहिलं नाही. हा कागद ठेवून घेतला तर चालेल का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

आईला घेऊन मी मॅडमकडे गेलो होतो. हाडं ठिसूळ झालीत. गोळ्या सुरू केल्यात. गेलेलं परत येणार नाही, पण कंबर बरीच हलकी होईल म्हणाल्या. बाहेर आल्यावर आई म्हणाली, त्या डॉक्टरीण बाईनं मला आधी पाणी प्यायला दिलं.

तुझा,
उत्तरेश्वर

*

मुक्काम घर
४-८-२०१९

चि. उत्तरेश्वर यास आत्याचा व आई भिवराबाईचा आशीर्वाद.

छावणीतनं जनावरं घरी आणली. अजून चारा बेताचाच हाय, पर ओढ्याकडेला हिरवं दिसाया लागलंय. मला अजून कॅन उचलू देत न्हाईत. सकाळचं दूध तुझी आई घेती. ती माप लावताना इतकी कडक हाय की छबुबाई म्हणाली, सेक्रेटरी बदलली का काय.

तुझ्या आईनं सांगायला लावलंय की औंदा ती फडावर जाणार न्हाई. मुकादमाला तसं सांगितलं. तुझे दादा दोन दिवस बोलले न्हाईत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच गोठ्याची मागची भिंत सारवली. तुझी आई संस्थेची सभासद झालीय. अर्जावर सही मी शिकवली, 'भ' काढायला तिला एक दुपार लागली.

मी रोज कुणाकुणाचे आभार मानते ते लिहून पुरं होणार न्हाई. सटवानं एक बी पत्र हरवलं न्हाई. विमलबाई वीस दिवस माझ्या उशाला बसली. तुझ्या म्याडमनी न बघितलेल्या बाईसाठी इतकं केलं. आन तू त्यांचा तो 'का' रागानं का हुईना, पर मला कळवलास. न कळवतास तर मी आज दूध मोजत बसले नसते.

आता कामाचं. त्या चौदा जणी होत्या ना, त्यांच्यातल्या नऊ जणी तपासून घ्यायला तयार झाल्यात. मी त्यांना माझा टाका दावला अन् चित्र बी दावलं, डॉक्टरनं काढलेलं. ज्यांची पिशवी काढलीय त्या बी येणार, हाडांसाठी. येत्या मंगळवारी सटवा आमाला टेम्पोतनं आणून सोडंल. म्याडमनी कळवलंय की आधी तुमी शिकणारी पोरंच इचारपूस करणार.

तर एक सांगून ठेवते. बाया तुझ्या वळखीच्या हायेत, कुणी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. त्या लाजतील, तू बी लाजशील. आमी रांगेतच उभ्या राहू, पुढं घ्यायला सांगू नको. वळख दावू नको. नंबरानं बोलव, बसव, नाव-गाव लिही.

आन मग समदं इचार.

तुझी आत्या
वत्सला